एक गोळी आणि तिचा शेजार

सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्राच्या औषध खिडकीवर आज बहुतेक प्रौढांच्या हातात तीस गोळ्यांची एक प्लास्टिकची बाटली पडते. दिवसाला एक गोळी, तीन औषधे: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. तिन्हींची आद्याक्षरे जोडून डॉक्टर, समुपदेशक आणि औषध घेणारे सगळेच तिला ‘टीएलडी’ म्हणतात. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा ते दर चार तासांनी, रात्री गजर लावून उठून घ्यावे लागे. १९९६ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने विषाणू दबतो हे स्पष्ट झाले, तरी काही गोळ्या उपाशीपोटी, काही भरल्या पोटी, दर आठ तासांनी, असा तो संसार होता. त्या तुलनेत टीएलडी इतकी सोपी आहे की ‘औषध कसे घ्यायचे’ हा प्रश्नच संपला, असे वाटावे.

तो संपलेला नाही. पूर्वी धोका गोळीच्या आत होता. आज तो बराचसा गोळीच्या शेजारी सरकला आहे. घरच्या डब्यातली अॅसिडिटीची औषधे, क्षयरोगाचा उपचार, मधुमेहाच्या गोळ्या, राहून गेलेली रक्ततपासणी, गावाहून स्थलांतर, केंद्रावर आलेला तुटवडा या सगळ्यांत तो विखुरलेला आहे. भारतात सुमारे पंचवीस लाख लोक एचआयव्हीसह जगतात. संख्येने ते सर्वाधिक महाराष्ट्रात, जवळपास चार लाख आहेत. या औषधाविषयी आज काय नक्की माहीत आहे आणि ते माणसापर्यंत किती पोचते, याचा हा आढावा.

गोळी आत काय करते

एचआयव्ही शरीरातल्या सीडी-फोर पेशींवर हल्ला करतो. या पेशी प्रतिकारशक्तीचे नियोजन करतात, म्हणून त्या घटल्या की एरवी किरकोळ ठरणारे जंतूही जिवावर उठतात. विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या स्वरूपात असते. पेशीत शिरल्यावर एका विकराच्या मदतीने तो तिचे डीएनए बनवतो. मग इंटिग्रेज नावाचे दुसरे विकर ते डीएनए माणसाच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवते. त्यानंतर ती पेशी विषाणूच्या प्रती काढू लागते.

टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन पहिल्या टप्प्यावर काम करतात. ती डीएनएच्या घटकांसारखी दिसतात, साखळीत बसतात आणि साखळीची वाढ तिथेच थांबवतात. डोल्युटेग्राविर दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे इंटिग्रेजवर. या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे आयन असतात आणि डोल्युटेग्राविर त्यांनाच घट्ट धरून विकर निकामी करते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण धातूला चिकटण्याचा हाच गुण पोटात गेल्यावर अडचणीचा ठरतो.

तीन औषधे एकत्र का, याचेही कारण साधे आहे. हा विषाणू प्रती काढताना फार चुका करतो. त्या चुकांतून एखादी प्रत एका औषधाला दाद न देणारी निघू शकते, पण एकाच वेळी तिन्हींना दाद न देणारी निघणे फार अवघड असते. म्हणून तीनपैकी एखादेच औषध अंगात उरेल अशी कोणतीही स्थिती वाईट.

हे औषध विषाणू संपवत नाही. काही सीडी-फोर पेशींत तो डीएनएच्या रूपात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो आणि तिथे औषधाला करण्यासारखे काही नसते. औषध थांबवले की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. सीडी-फोर चांगले असताना औषधाला मधूनमधून सुट्टी द्यावी का, हे तपासणाऱ्या ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच हजारांहून अधिक लोक होते. सुट्टी घेणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त दिसल्याने २००६ मध्ये ती योजना थांबवावी लागली. तेव्हापासून ‘बरे वाटतेय, थोडे दिवस बंद ठेवू’ या विचाराला वैद्यकात आधार उरलेला नाही.

मुंबईतून निघालेला भाव आणि बदललेली औषधे

२००० च्या सुमारास तीन औषधांच्या उपचाराचा वर्षाचा खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन यांचा वर्षाचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला साडेतीनशे डॉलरमध्ये देण्याची तयारी दाखवली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेला होते. म्हणून हे शक्य झाले. आफ्रिकेतील कोट्यवधींचा उपचार पुढे याच पायावर उभा राहिला.

भारतात मोफत उपचार १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्या पहिल्या पिढीच्या औषधांनी प्राण वाचवले, पण अंगावर खुणाही ठेवल्या. स्टॅव्हुडिनने गालांची आणि हातापायांची चरबी झडायची, तळपायांना मुंग्या आणि जळजळ सुरू व्हायची. चेहऱ्यावरूनच शेजारपाजाऱ्यांना कळेल, या भीतीने लोक औषध सोडत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते हळूहळू बंद करण्यास सांगितले. झिडोव्हुडिनने रक्तक्षय होई, नेव्हिरॅपिनने पुरळ आणि कधी जीवघेणी त्वचाप्रतिक्रिया. एफाव्हिरेन्झ प्रभावी होते, पण रात्री विचित्र स्वप्ने, चक्कर आणि उदासी घेऊन यायचे.

डोल्युटेग्राविर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. विषाणू झपाट्याने खाली आणणारे, प्रतिरोध सहजी न होऊ देणारे आणि सोसायला सोपे, अशी त्याची कीर्ती झाली. २०१७ मध्ये टीएलडीचा वर्षाचा भाव सुमारे ७५ डॉलर ठरला आणि २०२३ मध्ये तो ४५ डॉलरच्याही खाली आला. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २०२०-२१ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने लोकांना या गोळीवर आणले.

सुरुवातीच्या आधी

पूर्वी सीडी-फोर ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध सुरू होई. आता तसे नाही. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘स्टार्ट’ अभ्यासाने लवकर सुरुवातीचा फायदा दाखवला आणि २०१७ पासून भारतात चाचणी सकारात्मक आली की सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू करायचे हे धोरण आहे.

तरीही पहिल्या दिवशी काही गोष्टी बघाव्याच लागतात. क्षयरोगाची लक्षणे, म्हणजे खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, आहेत का? मूत्रपिंड कसे चालते? यकृताचा दाह करणारा हेपॅटायटिस बी सोबत आहे का? आणि सीडी-फोर किती? सीडी-फोर दोनशेखाली असेल तर आजार पुढे गेलेला असतो आणि मेंदूच्या आवरणातील बुरशीसारखे लपलेले संसर्ग शोधावे लागतात. ३५० च्या खाली असेल तर आपल्याकडे इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोलही देतात.

मेंदूच्या आवरणाचा क्षय किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग असेल, तर मात्र एचआयव्हीचे औषध काही आठवडे मागे ठेवतात. कारण प्रतिकारशक्ती परतू लागली की ती लपलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि सूज वाढते. हीच गोष्ट सौम्य रूपात इतरांतही घडते: औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप येतो, गाठी सुजतात, जुना क्षय डोके वर काढतो. ‘औषधाने बिघडले’ म्हणून अनेक जण नेमके इथेच थांबतात. खरे तर केंद्रात जाऊन तपासून घ्यावे, औषध मनाने थांबवू नये.

रोजची वेळ

टीएलडी जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही. फरक पडतो तो नियमिततेने. वेळ स्वतःच्या दिनक्रमातली निवडावी. शेतावर जाणाऱ्याला सकाळची न्याहारी, रात्रपाळी करणाऱ्याला कामावरून आल्यावरची वेळ. एफाव्हिरेन्झच्या दिवसांपासून अनेकांना रात्री झोपताना गोळी घेण्याची सवय आहे. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते, तेव्हा हीच गोळी सकाळी घेतली की बहुतेकदा सुटका होते. त्यासाठी झोपेची गोळी लागत नाही, केंद्रात एक वाक्य बोलावे लागते.

एखादी वेळ चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ अगदी तोंडावर, चारेक तासांवर असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. केंद्रावर उरलेल्या गोळ्या मोजतात, ते कुणाला पकडण्यासाठी नव्हे. ९५ टक्के नियमितता म्हणजे महिन्याच्या तीस गोळ्यांत फार तर एखादीच चुकणे. डोल्युटेग्राविर चुका जुन्या औषधांपेक्षा अधिक सोसते, पण त्या सवलतीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

पहिल्या आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, हलके जुलाब होऊ शकतात. बहुधा ते ओसरतात. उदासी किंवा जीव नकोसा वाटणे हे क्वचित घडते, पण पूर्वी नैराश्य आलेल्या व्यक्तीने ते आधीच सांगावे. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, दम लागणे ही लक्षणे मात्र थांबून पाहण्याची नाहीत.

वजनाची गोष्ट वेगळी. दक्षिण आफ्रिकेतील ‘अॅडव्हान्स’ अभ्यासात डोल्युटेग्राविर घेणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, वजन लक्षणीय वाढले. आजाराने खंगलेल्या माणसाचे वजन परत येणे हे बरे होण्याचे लक्षण असते, म्हणून आधीचे काही किलो आनंदाचेच. पण मधुमेह आणि रक्तदाब घराघरात असलेल्या आपल्या समाजात पुढचे किलो मोजायला हवेत. वजनकाटा आणि वर्षातून एकदा साखर, एवढे तरी व्हावे.

शेजारची औषधे

आता मुख्य मुद्दा. डोल्युटेग्राविरचा धातूला चिकटण्याचा गुण वर आला आहे. पोटात अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह किंवा जस्त असेल तर औषध तिथेच त्यांना बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. गोळी वेळेवर घेतली, एकही चुकली नाही, तरी रक्तातली मात्रा अपुरी, अशी ही फसवी स्थिती. डायजिन, जेलुसिल यांसारखी अॅसिडिटीची पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्या याच जातीच्या. त्या घ्यायच्या असतील तर डोल्युटेग्राविर त्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या आम्लनिर्मिती कमी करणाऱ्या गोळ्यांत ही अडचण नाही.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना एक सवलत आहे. जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतल्या तर चालते. रिकाम्या पोटी असेल तर तेच अंतर पाळावे. हे गर्भवतींसाठी विशेष महत्त्वाचे, कारण आरोग्य केंद्रातून त्यांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. एकीकडून आशाताई लोहाची गोळी देतात, दुसरीकडून एआरटी केंद्र टीएलडी देते आणि दोन्ही एका वेळी रिकाम्या पोटी घेऊ नका, हे सांगण्याचे काम दोघांच्या मधे पडून राहते.

आयुर्वेदिक औषधांबद्दल लोक केंद्रात सहसा बोलत नाहीत. ओरडा बसेल अशी भीती असते. पण शंखभस्म, प्रवाळभस्म ही कॅल्शियमयुक्त द्रव्ये आहेत, मंडूर आणि लोहभस्म लोहाची. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पोटाला जेलुसिल आणि शंखवटी यांत फारसा भेद नाही. ही औषधे बंदच करा असा याचा अर्थ नव्हे. ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा आणि वेळेचे अंतर ठेवा, एवढाच आहे. जे औषध ‘एड्स बरा करते’ म्हणून विकले जाते त्याची गोष्ट निराळी. देशाच्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’नुसार एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही.

क्षयरोग हा एचआयव्हीचा जुना साथीदार. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृताला डोल्युटेग्राविर भराभर मोडायला लावते. म्हणून रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावे लागते: एक टीएलडीची गोळी आणि बारा तासांनी डोल्युटेग्राविरची सुटी ५० मिलिग्रॅमची गोळी. क्षयाचा उपचार संपल्यावरही ही जादा गोळी आणखी दोन आठवडे चालते, कारण यकृताचा तो वेग लगेच कमी होत नाही. क्षयाचे औषध खासगी डॉक्टरकडून आणि एचआयव्हीचे सरकारी केंद्रातून अशी विभागणी असेल, तर ही दुसरी गोळी सुटण्याचा धोका सर्वांत मोठा.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनबाबत उलटे घडते. डोल्युटेग्राविरमुळे ते शरीराबाहेर कमी पडते आणि रक्तात साठते. म्हणून त्याची मात्रा दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवतात. फिटसाठीचे कार्बामाझेपिन असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागते. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटाल शक्यतो टाळून दुसरे औषध शोधावे लागते.

पहिली औषधे निष्फळ ठरून ज्यांचा उपचार दुसऱ्या टप्प्यात गेला आहे, त्यांना बहुधा रिटोनाव्हिरसोबत अॅटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर किंवा डारुनाव्हिर मिळते. रिटोनाव्हिर यकृताचा औषध मोडण्याचा वेग जवळजवळ थांबवते, त्यामुळे इथे धोका दुसऱ्या टोकाचा असतो. दम्याच्या पंपातले फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड अंगात साठून चेहरा सुजवते. अर्धशिशीवरचे अर्गोटामिन बोटांचा रक्तपुरवठा बंद पाडू शकते, ते पूर्ण वर्ज्य. कोलेस्टेरॉलचे सिम्व्हास्टॅटिनही वर्ज्य. अॅटाझानाव्हिरने मात्र डोळे पिवळसर दिसतात ते बरेचदा निरुपद्रवी असते. कावीळ नाही ना, हे तपासून घेतले की पुरे.

दारूचा या गोळीशी थेट झगडा नाही. पण दारू प्यायलेल्या रात्री गोळी विसरली जाते आणि यकृतावर आधीच ताण असेल तर तो वाढतो.

मूत्रपिंड, यकृत आणि एक फसवा आकडा

टीएलडीतल्या टेनोफोविरचे नाव पहिले येते, तेव्हा मूत्रपिंडाचा विचार ओघाने येतोच. काही जणांत ते मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा करते आणि हाडांची घनता थोडी कमी करते. म्हणून वजन तीस किलोखाली असेल किंवा मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ५० मिलिलिटरच्या खाली असेल, तर टेनोफोविरऐवजी अॅबाकाव्हिर देतात. अॅबाकाव्हिरची स्वतःची एक अट आहे. ते सुरू केल्यावर ताप, पुरळ, उलट्या, श्वासाचा त्रास असे एकत्र आले तर ते थांबवतात आणि नंतर आयुष्यात पुन्हा कधीही देत नाहीत. दुसऱ्यांदा ते जीवघेणे ठरू शकते.

आता फसवा आकडा. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर रक्तातले क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात, थोडे वाढते. मूत्रपिंडाला इजा झालेली नसते, फक्त क्रिएटिनिन लघवीत सोडण्याची एक वाट औषध अडवते. ही वाढ पहिल्या काही आठवड्यांत होऊन स्थिरावते. ती चढतच राहिली, किंवा लघवीत प्रथिने आणि साखर दिसू लागली, तर मात्र टेनोफोविरकडे बोट दाखवावे लागते. इंजिनाचा आवाज बदलला की तो नव्या तेलाचा की झिजलेल्या भागाचा हे जसे गॅरेजवाला ओळखतो, तसे हे अनुभवी डॉक्टरला ओळखता येते. पण त्यासाठी जुने आकडे हाताशी असावे लागतात. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोजच्या रोज घेतल्या तर हे चित्र आणखी बिघडते. कंबरदुखी आणि गुडघेदुखीची गोळी दुकानातून स्वतःच घेण्याची आपली सवय इथे महाग पडते.

हेपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन दोन्ही त्याच्यावरही काम करतात. फायदा मोठा, पण त्याला जोडून एक इशारा आहे. औषध एकदम थांबवले तर हेपॅटायटिस बी भडकून यकृत निकामी होऊ शकते. म्हणून अशा व्यक्तीला औषध बदलतानाही टेनोफोविर चालू ठेवतात.

व्हायरल लोड म्हणजे हिशोब

औषध काम करते की नाही हे बरे वाटण्यावरून कळत नाही. कळते ते रक्तातील विषाणूच्या मोजणीने, म्हणजे व्हायरल लोडने. आपल्याकडे तो उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी मोजतात. हजाराच्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी तीनेक महिने समुपदेशन आणि नियमितपणे औषध, मग पुन्हा तपासणी. दुसऱ्यांदाही वर असेल तर औषध बदलायचा विचार.

मोजता येत नाही इतका विषाणू खाली राहिला, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून एचआयव्ही होत नाही. या निष्कर्षामागे पुण्याचाही वाटा आहे. २०११ मध्ये गाजलेल्या ‘एचपीटीएन ०५२’ अभ्यासात १७६३ जोडपी होती आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्यातले एक ठिकाण होती. लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. त्यानंतर युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासांनी, म्हणजे २०१६ आणि २०१९ च्या अहवालांनी, कंडोमशिवायच्या हजारो संबंधांनंतरही दबलेल्या विषाणूमुळे झालेली एकही लागण आढळली नाही, असे दाखवले. औषध घेणाऱ्याच्या मनावरची ‘मी कुणाला देईन’ ही भीती उतरवणारे हे ज्ञान आहे. मात्र ते फक्त लैंगिक संबंधांविषयी आहे. स्तनपानातून बाळाला होणारी लागण उपचाराने फार कमी होते, शून्य म्हणता येत नाही, म्हणून तिथे डॉक्टरांचा सल्ला लागतो.

प्रतिरोध इतका दुर्मीळ म्हणून डोल्युटेग्राविरवर निश्चिंत राहावे, असेही चित्र उरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात काही देशांच्या पाहण्यांत डोल्युटेग्राविरला प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के आढळला. आधी उपचार घेतलेल्या आणि विषाणू वाढलेला असताना या औषधावर आणलेल्यांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. विषाणू वाढलेला असताना नुसती गोळी बदलून भागत नाही, हा त्यातला धडा.

बोट्स्वानाची भीती आणि गर्भवती स्त्रिया

मे २०१८ मध्ये बोट्स्वानातील एका अभ्यासाने जगाला धक्का दिला. गर्भधारणेच्या वेळी डोल्युटेग्राविर घेणाऱ्या ४२६ स्त्रियांच्या बाळांपैकी चौघांत मेंदू किंवा मज्जारज्जूचा जन्मदोष आढळला. अनेक देशांनी वयात आलेल्या स्त्रियांना हे औषध देणे थांबवले किंवा गर्भनिरोधक घेण्याची अट घातली. गर्भनिरोधक ही औषधाची अट बनावी, यावर आफ्रिकेतील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी आक्षेप घेतला. पुढे स्त्रियांची संख्या वाढत गेली तसा धोका खाली येत गेला आणि अखेर तो इतर औषधांइतकाच, हजारात एकाच्या आसपास राहिला. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व स्त्रियांसाठी हे औषध सुचवले. मधल्या काळात कितीतरी स्त्रियांना कमी चांगल्या औषधावर ठेवले गेले. इशारा खोटा नव्हता, तो अपुऱ्या संख्येचा होता, आणि संख्या वाढेपर्यंत निर्णय मात्र स्त्रियांच्या वतीने दुसऱ्यांनी घेतले.

उपचाराविना आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. उपचाराने ते पाच टक्क्यांच्या खाली येते.

केंद्राबाहेर

औषध सुरक्षितपणे घेण्यासाठी आधी ते मिळावे लागते. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोल्युटेग्राविरच्या तुटवड्यावरून एचआयव्हीसह जगणारे लोक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नाको) कार्यालयात महिनाभराहून अधिक काळ धरणे धरून बसले. महिन्याऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या, मोठ्यांना लहान मुलांच्या मात्रेच्या गोळ्या जोडून घेण्याची वेळ, अशा तक्रारी होत्या. गोळी कितीही चांगली असली तरी रिकाम्या शेल्फवर तिचा उपयोग नाही. ऊसतोडीला बीडहून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या मजुरासाठी तर चार-सहा महिन्यांचा प्रश्न असतो. कोविडच्या काळात अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत रुळली. ती अशा लोकांसाठी कायमची हवी, आणि जाण्याआधी बदली चिठ्ठी आणि जवळच्या केंद्राचा पत्ता हातात हवा.

गुप्ततेचा धाकही तसाच. बाटलीवरचे लेबल खरवडणे, गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवणे, सासरी गेल्यावर औषध सोडणे हे घडते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी आणि माहिती फोडणे, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करणे त्याने गैरकानूनी ठरवले. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आणि आरोग्यसेवेत वीस माणसांच्याही, तक्रार अधिकारी नेमावा लागतो, राज्यात लोकपालाची तरतूद आहे. हे केंद्रातल्या भिंतीवर लिहिलेले असते. अंमलबजावणी अजून भिंतीवरच्या अक्षरांच्या मागे आहे. नाकोची १०९७ ही मोफत मदतवाहिनी मात्र या आणि औषधविषयक प्रश्नांसाठी वापरता येते.

पुढे काय येते आहे

रोजच्या गोळीची जागा घेऊ पाहणारी दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने आली आहेत. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन ही जोडी एक किंवा दोन महिन्यांनी दिली जाते. वर्षातून दोनदा द्यायचे लेनाकापाव्हिर आधी बहुप्रतिरोधी विषाणूवर मंजूर झाले, आता ते लागण रोखण्यासाठीही वापरले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या स्वस्त निर्मितीचे परवाने सहा कंपन्यांना मिळाले, त्यात पुण्याची एमक्युअरही आहे. भारतात उपचार घेणाऱ्या बहुतेकांसाठी टीएलडी हीच आजची गोळी आहे, आणि इंजेक्शन आले तरी शेजारचा प्रश्न सुटणार नाही. तेव्हाही रिफॅम्पिसिन असेल, यकृत असेल, पुढच्या तारखेला केंद्रात पोचण्याचे अंतर असेल.

राष्ट्रीय कार्यक्रमाचे उद्दिष्ट ९५-९५-९५ असे आहे: ९५ टक्क्यांना आपली स्थिती माहीत असावी, त्यांतल्या ९५ टक्क्यांना औषध मिळावे आणि औषध घेणाऱ्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. दुसरा आकडा बाटल्यांनी गाठता येतो, तिसरा मात्र बाटलीसोबत काय सांगितले यावर अवलंबून आहे. केंद्रात मिळणाऱ्या हिरव्या पुस्तिकेत एका पानावर माणूस घेत असलेल्या सगळ्या औषधांची, शंखवटी आणि डायजिनसकट, यादी लिहिली जावी आणि ते पान क्षयरोग विभाग, प्रसूतिगृह आणि कोपऱ्यावरचा औषधविक्रेता या सर्वांनी वाचावे. त्यासाठी नवे औषध, नवे यंत्र, मोठा निधी काहीच लागत नाही. लागते ते समुपदेशकाला प्रत्येक माणसासाठी आणखी दहा मिनिटे देणारे मनुष्यबळ, आणि तेवढे उभे करणे हा आता औषधाइतकाच उपचाराचा भाग आहे.